समांतर गटांच्या बायोइक्विव्हॅलन्स अभ्यासासाठी सीव्ही कसा काढावा आणि त्यावरून किती जण घ्यावेत

बायोइक्विव्हॅलन्स अभ्यासात नवे औषध (टेस्ट) आणि मूळ औषध (रेफरन्स) रक्तात सारखेच पोहोचते का हे बघतात. क्रॉसओव्हर अभ्यासात प्रत्येक स्वयंसेवक दोन्ही औषधे पाळीपाळीने घेतो, म्हणून त्याची तुलना त्याच्याशीच होते. टेस्ट घेताना जे यकृत, जे वजन, जे एन्झाइम असतात तेच रेफरन्स घेतानाही असतात, म्हणून माणसामाणसांतला फरक हिशोबातून वजा होतो. समांतर गटांत ही सोय नसते. टेस्ट घेणारे वेगळे आणि रेफरन्स घेणारे वेगळे, त्यामुळे माणसामाणसांतला फरक आणि त्याच माणसात एका दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत होणारा फरक, दोन्ही मिळून जो एकूण व्हेरियन्स (आकड्यांचा विखुरलेपणा) होतो तोच कॉन्फिडन्स इंटरव्हल (टेस्ट-रेफरन्स गुणोत्तराच्या अंदाजाचा पट्टा) रुंद करतो. सॅम्पल साइजमधल्या बहुतेक चुकांचे मूळ इथे असते: सीव्ही (सरासरीच्या तुलनेत विखुरलेपणा किती) हाताशी असतो, पण तो कोणता सीव्ही आहे हे कुणी विचारलेले नसते.

समांतर गट आपण हौसेने निवडत नाही. औषधाचे अर्धायुष्य आठवड्यांत मोजावे लागत असेल (अमिओडॅरोन हे नेहमीचे उदाहरण), महिना किंवा तीन महिने टिकणारे डेपो इंजेक्शन असेल, किंवा औषध फक्त रुग्णांनाच देता येत असेल आणि त्यांची अवस्था दोन पीरियडपर्यंत स्थिर राहणार नसेल, तर वॉशआउट (पहिले औषध अंगातून जाईपर्यंतची मोकळी मुदत) परवडत नाही. अशा औषधांवर आधीची माहिती थोडी असते, आणि जी असते ती विखुरलेली असते. म्हणून ती नीट गोळा करण्याला इतके महत्त्व आहे.

आकडे लॉगवर आणा

सगळा हिशोब नैसर्गिक लॉगवर चालतो. सीव्ही दशांशात घ्यायचा (४० टक्के म्हणजे ०.४०) आणि त्यावरून लॉग-व्हेरियन्स काढायचा:

लॉग-व्हेरियन्स = लॉग(१ + सीव्हीचा वर्ग)

उलट जायचे असेल तर सीव्ही = वर्गमूळ(ई^व्हेरियन्स − १). ४० टक्के सीव्हीचा व्हेरियन्स ०.१४८४ येतो, ३० टक्क्यांचा ०.०८६२ आणि ५० टक्क्यांचा ०.२२३१. बेरीज, सरासरी, वजन देणे हे सगळे व्हेरियन्सवर करायचे आणि सीव्हीकडे फक्त शेवटी यायचे. सीव्हींची थेट सरासरी काढू नका.

एक सोय लक्षात असू द्या. सगळी मोजमापे एकाच संख्येने गुणली तरी लॉगवरचा व्हेरियन्स बदलत नाही. त्यामुळे औषधाची गतिकी रेषीय असेल, तर ५० मिग्रॅच्या अभ्यासातला सीव्ही १०० मिग्रॅसाठी तसाच वापरता येतो. गतिकी रेषीय नसेल तर असे करू नका. वरच्या डोसला एन्झाइम भरून जाऊ लागले की माणसामाणसांतला फरक वाढतो.

सीव्ही कुठून मिळवावा

सर्वांत चांगला स्रोत म्हणजे आधीचा समांतर गटांचा अभ्यास. सीव्ही दिलेला नसला तरी ९० टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल आणि प्रत्येक गटातली संख्या मिळाली की पुरते. समजा, दोन्ही गटांत ४०-४० जण होते आणि इंटरव्हल ८८.५० ते ११४.२० टक्के होता. वरच्या टोकाला खालच्या टोकाने भागून लॉग घ्या: लॉग(१.१४२ ÷ ०.८८५) = ०.२५४९. हा इंटरव्हल दोन्ही बाजूंनी टी-मूल्याइतका पसरलेला असतो, म्हणून २ × १.६६५ ने भागा (७८ डीएफसाठी ५ टक्के एका बाजूचे टी-मूल्य; डीएफ म्हणजे डिग्रीज ऑफ फ्रीडम, इथे एकूण जण वजा २). स्टँडर्ड एरर ०.०७६६ येते. तिचा वर्ग ०.००५८६. त्याला (१/४० + १/४०), म्हणजे ०.०५ ने भागले की लॉग-व्हेरियन्स ०.११७ आणि सीव्ही ३५.३ टक्के.

इथे दोन ठिकाणी घसरायला होते. एक, गटांची संख्या सुरुवातीची घेतली जाते, विश्लेषणात प्रत्यक्ष आलेली नव्हे. दोन, इंटरव्हल ९५ टक्क्यांचा असतो आणि टी-मूल्य ९० टक्क्यांचे लावले जाते. त्याने सीव्ही विनाकारण फुगतो. जुन्या लेखांत ९५ टक्क्यांचे इंटरव्हल पुष्कळ आढळतात, म्हणून तक्त्याखालची बारीक ओळ वाचल्याशिवाय गणित सुरू करू नका.

दुसरा स्रोत क्रॉसओव्हर अभ्यास. तो वापरता येतो, पण अहवालात ठळकपणे छापलेला सीव्ही एकाच माणसाच्या आतला असतो आणि तो इथे चालत नाही. एनोव्हाच्या (व्हेरियन्सचे भाग पाडणाऱ्या विश्लेषणाच्या) तक्त्यात ‘सिक्वेन्समधील सब्जेक्ट’ ही ओळ शोधा. दोन पीरियडच्या साध्या अभ्यासात तिच्या मीन स्क्वेअरमध्ये आतला व्हेरियन्स एकदा आणि माणसामाणसांतला दोनदा असतो. म्हणून

एकूण व्हेरियन्स = (सब्जेक्टचा मीन स्क्वेअर + एररचा मीन स्क्वेअर) ÷ २

समजा, सब्जेक्टचा मीन स्क्वेअर ०.२४६७ आणि एररचा ०.०४३१ आहे. एकूण व्हेरियन्स ०.१४४९ आला, म्हणजे सीव्ही ३९.५ टक्के. फक्त एररवरून काढला असता तर २१ टक्के आला असता. २१ टक्के धरून समांतर अभ्यासाला एकूण ४० जण पुरेसे वाटतात, ३९.५ टक्क्यांना सुमारे १२६ लागतात (संख्येचे सूत्र पुढे येते). ४० जणांवर तो अभ्यास केला तर पॉवर (समतुल्य औषध पास होण्याची शक्यता) २० टक्क्यांच्याही खाली जाते. औषध समतुल्य असूनही असा अभ्यास पाचांपैकी चार वेळा तरी नापास होणार आणि लोकांच्या दंडातून काढलेले रक्त वाया जाणार. या एका ओळीसाठी मूळ अहवाल मागवावा लागला तरी मागवा.

हा तक्ता निरोगी तरुणांचा आणि तुमचा अभ्यास रुग्णांवर असेल, तर आलेल्या आकड्याला किमान मर्यादा समजा. रुग्णांत वय, वजन, मूत्रपिंडाचे काम आणि सोबतची औषधे यांमुळे माणसामाणसांतला भाग मोठा होतो. एकाच माणसाच्या आतला भाग सहसा फार बदलत नाही.

तिसरा स्रोत म्हणजे एकाच गटाचे फार्माकोकायनेटिक अभ्यास. हे पुष्कळ मिळतात आणि त्यातला सीव्ही आपोआप एकूण असतो, कारण प्रत्येक माणसाचे एकच मोजमाप असते. जॉमेट्रिक सीव्ही दिला असेल तर तोच घ्या. फक्त सरासरी आणि प्रमाण विचलन दिले असेल, तर विचलन भागिले सरासरी हा चालण्याजोगा अंदाज आहे, मात्र एखादा टोकाचा आकडा तो बराच बिघडवतो. मध्यक आणि चतुर्थक दिले असतील, तर लॉग(तिसरे चतुर्थक ÷ पहिले चतुर्थक) ला १.३४९ ने भागून लॉगवरचे प्रमाण विचलन मिळते. ३१० आणि ५२० ही चतुर्थके असतील तर ते ०.३८३ येते, म्हणजे सीव्ही जवळपास ४० टक्के.

तक्त्यातल्या ± चिन्हाकडे मात्र थांबून बघा. ‘४८० ± ३८, संख्या २५’ असे लिहिले असेल तर सीव्ही ७.९ टक्के दिसतो. तोंडावाटे घेतलेल्या औषधाच्या एयूसीत (रक्तातल्या पातळीच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ) माणसामाणसांत इतका कमी फरक जवळपास कधी नसतो. तो ३८ बहुधा स्टँडर्ड एरर असतो. वर्गमूळ २५ म्हणजे ५ ने गुणले की विचलन १९० आणि सीव्ही ३९.६ टक्के. सीव्ही अविश्वसनीय छोटा वाटला की सर्वांत आधी हेच तपासायचे.

कोणता अभ्यास घ्यावा, कोणता सोडावा

मिळालेला प्रत्येक अभ्यास आपल्या कामाचा असेलच असे नाही. उपाशीपोटी की जेवणानंतर, एकच डोस की स्टेडी स्टेट (अनेक डोसांनंतर स्थिरावलेली पातळी), तेच मीठ आणि तीच मात्रारचना आहे का, एयूसी कुठपर्यंत मोजली, हे जुळले पाहिजे. दीर्घ अर्धायुष्याच्या, लगेच विरघळणाऱ्या गोळ्यांसाठी एयूसी ७२ तासांपर्यंत मोजणे नियामकांना मान्य आहे. अशा वेळी अनंतापर्यंत ओढलेल्या एयूसीचा सीव्ही उचलू नका. ओढलेल्या शेपटीची चूक त्यात मिसळलेली असते आणि ती तुमच्या मोजमापात येणारच नाही. डेपो इंजेक्शनात सुरुवातीच्या उसळीचा सीमॅक्स (रक्तातली सर्वोच्च पातळी) आणि नंतरच्या टप्प्याची आंशिक एयूसी यांचे सीव्ही एकमेकांपासून फार दूर असू शकतात. प्रत्येकाची नोंद वेगळी ठेवा.

सॅम्पल साइज सर्वांत मोठ्या सीव्हीच्या मोजमापावरून ठरतो. सीमॅक्स आणि एयूसी दोघांचे सीव्ही सारखेच मोठे असतील तर आणखी एक गोष्ट बघा: दोन्ही एकत्र पास होण्याची शक्यता प्रत्येकाच्या पॉवरपेक्षा कमी असते. दोघांत काहीच संबंध नसेल तर ८० टक्के गुणिले ८० टक्के, म्हणजे ६४. प्रत्यक्षात दोघांत चांगला संबंध असतो, म्हणून घसरण इतकी होत नाही, पण अशा वेळी प्रत्येकासाठी ९० टक्के पॉवर धरणे शहाणपणाचे.

अनेक अभ्यास एकत्र करताना

प्रत्येक अभ्यासाच्या लॉग-व्हेरियन्सला त्याच्या डीएफने गुणा, बेरीज करा, एकूण डीएफने भागा. तीन अभ्यास घेऊ: सीव्ही ३२ टक्के (डीएफ ५८), ४५ टक्के (डीएफ २२) आणि ३८ टक्के (डीएफ ७८). व्हेरियन्स ०.०९७५, ०.१८४४ आणि ०.१३४९. वजनदार बेरीज २०.२३, भागिले १५८ म्हणजे ०.१२८१, आणि सीव्ही ३७.० टक्के.

आकडे एकमेकांपासून फारच दूर असतील, समजा एक २५ टक्के आणि दुसरा ६०, तर एकत्र करण्याआधी कारण शोधा. बहुतेकदा ते लोकसंख्येत किंवा रक्त तपासण्याच्या पद्धतीत सापडते. सीवायपी२सी१९ किंवा सीवायपी२डी६ या एन्झाइमांनी पचणाऱ्या औषधांत हे विशेष जाणवते: एका अभ्यासात मंदगतीने पचवणारे वगळलेले असतात आणि दुसऱ्यात नसतात. अशा दोन आकड्यांचा मध्य दोन्हींपैकी कुठल्याच लोकसंख्येचा नसतो.

अंदाजाची अनिश्चितता पुढे न्या

काढलेला सीव्ही हा अंदाज आहे आणि छोट्या अभ्यासातून आलेला असेल तर तो फार डळमळीत असतो. म्हणून व्हेरियन्सची वरची मर्यादा काढा: व्हेरियन्स गुणिले डीएफ, भागिले काय-स्क्वेअरचे खालच्या टोकाचे मूल्य. नियोजनासाठी ८० टक्के एकतर्फी मर्यादा, म्हणजे काय-स्क्वेअरचे ०.२० वरचे मूल्य, बहुतेक ठिकाणी योग्य बसते. ९५ टक्के मर्यादा घेतली तर संख्या इतकी फुगते की अभ्यासच उभा राहत नाही.

प्रत्येक गटात १२ जणांच्या पायलटमध्ये (मुख्य अभ्यासाआधीच्या छोट्या चाचणीत) सीव्ही ४० टक्के आला. डीएफ २२, काय-स्क्वेअर १६.३१. व्हेरियन्स ०.१४८४ × २२ ÷ १६.३१ = ०.२००, सीव्ही ४७ टक्के. ४० टक्के धरले तर एकूण १३० जण लागतात आणि ४७ धरले तर १७४. वरच्या तीन अभ्यासांचा १५८ डीएफचा अंदाज मात्र ३७ वरून ३९ टक्क्यांपर्यंतच सरकतो आणि संख्या ११२ वरून १२४ होते. २४ जणांच्या पायलटला अंतिम शब्द मानायचे नाही ते यामुळेच. त्याचा खरा उपयोग रक्त घेण्याच्या वेळा, ॲनालिटिकल पद्धतीची खालची मर्यादा आणि टेस्टचा कल कुठे आहे हे बघण्यासाठी.

पायलटमधून आलेले टेस्ट-रेफरन्स गुणोत्तर तर त्याहून कमी भरवशाचे. गटात १२ जण आणि सीव्ही ४० टक्के असताना ते गुणोत्तर नुसत्या योगायोगाने पंधरा-वीस टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकते.

संख्या काढणे

पास होण्यासाठी गुणोत्तराचा इंटरव्हल ज्यांच्या आत बसला पाहिजे त्या मर्यादा ८०.०० ते १२५.०० टक्के, दोन एकतर्फी चाचण्या ५ टक्के पातळीवर, गुणोत्तर ०.९५ आणि पॉवर ८० टक्के धरली तर पटकन बघण्याचे सूत्र असे:

प्रत्येक गटात ≈ ४१९ × लॉग-व्हेरियन्स

हा ४१९ आला कुठून? २ × (१.६४५ + ०.८४२) चा वर्ग, भागिले लॉग(०.९५ ÷ ०.८०) चा वर्ग. पॉवर ९० टक्के हवी असेल तर ४१९ च्या जागी ५८०. हे सूत्र फक्त खालच्या मर्यादेचा विचार करते आणि टी ऐवजी नॉर्मल वापरते, म्हणून ३० ते ६० टक्के सीव्हीसाठी प्रत्येक गटात दोन ते पाच जण आणखी लागतात. ८० टक्के पॉवरला नेमकी एकूण संख्या अशी येते: सीव्ही ३० टक्क्यांना ७६, ४० ला १३०, ५० ला १९४ आणि ६० ला २६६. ४० टक्के सीव्ही आणि ९० टक्के पॉवरला १७६.

अंतिम संख्या सूत्रावर सोडू नका. ती सॉफ्टवेअरने काढा. आर भाषेतले पॉवरटॉस्ट पॅकेज विनामूल्य आहे आणि इंटरव्हलवरून सीव्ही काढणे, सीव्ही एकत्र करणे, त्याची वरची मर्यादा काढणे, तिन्ही त्यात आहे. पण त्यात डिझाइन सांगितले नाही तर ते क्रॉसओव्हर धरते. ४० टक्के सीव्हीला १३० च्या जागी ६६ आले, तर हीच चूक झाली असे समजा. शिवाय ते एकूण संख्या सांगते, गटातली नव्हे. दुसरी काही सॉफ्टवेअरे गटातली संख्या सांगतात. हातच्या सूत्राशी एकदा ताडून पाहिले की दोन्ही गोंधळ लगेच उघडे पडतात.

सीव्हीवर मेहनत घेताना गुणोत्तराकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका. सीव्ही ४० टक्केच ठेवून गुणोत्तर ०.९५ ऐवजी ०.९० धरले तर १३० चे सुमारे २६६ होतात, म्हणजे सीव्ही ६० टक्के झाल्याइतकीच वाढ. बॅच निवडतानाच टेस्ट आणि रेफरन्सच्या ॲसेमधला (औषधाच्या प्रत्यक्ष प्रमाणातला) फरक ५ टक्क्यांच्या आत ठेवणे हा लोक वाचवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

सीव्ही खूप मोठा निघाला तरी मर्यादा रुंद करून घेण्याची वाट इथे बंद आहे. रेफरन्सच्या सीव्हीनुसार मर्यादा सैल करण्यासाठी एकाच माणसाला रेफरन्स दोनदा द्यावा लागतो आणि समांतर गटांत ते घडत नाही.

मग आपल्या संख्येची ताणून परीक्षा घ्या. १२४ जण, सीव्ही ३९ टक्के, गुणोत्तर ०.९५ ही योजना घेऊ. खरा सीव्ही ३७ निघाला तर पॉवर ८४ टक्के, ४५ निघाला तर ६९. सीव्ही ३९ च राहिला पण गुणोत्तर ०.९२ निघाले तर ६६. हे तीन आकडे प्रोटोकॉल मंजूर करणाऱ्यांसमोर ठेवा. नुसते ‘पॉवर ८० टक्के’ लिहिले की ती हमी असल्यासारखी वाचली जाते.

गळती, असमान गट आणि व्हेरियन्स कमी करणे

गळती भागून धरायची, गुणून नाही. १५ टक्के गळती अपेक्षित असेल तर १२४ ÷ ०.८५ = १४६. १२४ × १.१५ केले तर १४३ येतात आणि गळतीनंतर १२२ च उरतात. महिनोन्‌महिने चालणाऱ्या डेपो अभ्यासात हा फरक नक्की टोचतो.

गट शक्यतो समान ठेवा. १२० जण ८० आणि ४० असे वाटले तर त्यांचा उपयोग समान गटांतल्या १०७ जणांइतकाच होतो. विश्लेषणात दोन्ही गटांचे व्हेरियन्स समान मानू नका. अमेरिकी औषध नियामक एफडीएच्या २००१ च्या सांख्यिकी मार्गदर्शनात समांतर गटांसाठी हे स्पष्ट सांगितलेले आहे. वेल्चची पद्धत प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहून ठेवा. गट समान असतील तर तिची किंमत नगण्य असते. असमान असतील आणि छोट्या गटाचा व्हेरियन्स मोठा असेल तर डीएफ बरेच घसरतात.

माणसामाणसांतला फरक काही प्रमाणात आवरता येतो. वजनाची मर्यादा आखणे, लिंग किंवा जीनोटाइपनुसार स्तर पाडून यादृच्छिक वाटप करणे आणि तेच घटक मॉडेलमध्ये घेणे. स्तर पाडले पण मॉडेलमध्ये घेतले नाहीत तर फायदा हातचा जातो. आणि सीव्हीचा अंदाज ज्या मॉडेलमधून आला, तेच मॉडेल तुमच्या विश्लेषणात आहे ना, हे बघा. वजन लक्षात घेऊन काढलेला ३३ टक्के सीव्ही वजनाविना केलेल्या विश्लेषणाला लावणे म्हणजे जाणूनबुजून लोक कमी घेणे.

माहिती फारच अपुरी असेल तेव्हा

अशा वेळी अभ्यास सुरू असताना व्हेरियन्स पुन्हा बघण्याची तरतूद करता येते. एक मार्ग अंधपणे बघण्याचा. कोण कुठल्या गटात हे न उघडता सगळ्यांच्या लॉग-मूल्यांचा मिळून एकच व्हेरियन्स काढायचा. त्यात गटांमधल्या फरकाचा थोडा भाग मिसळतो, लॉग-फरकाच्या वर्गाचा चौथा हिस्सा. गुणोत्तर ०.९५ असेल तर तो ०.०००७ म्हणजे नगण्य. ०.८० असले तरी ०.०१२ च, आणि तोही संख्या वाढवण्याच्या बाजूचा. दुसरा मार्ग दोन टप्प्यांचा, पहिल्या टप्प्यानंतर गट उघडून. त्यात ५ टक्के पातळी वापरता येत नाही. सहसा प्रत्येक टप्प्याला ०.०२९४, म्हणजे ९४.१२ टक्क्यांचा इंटरव्हल ठेवतात, आणि तुमच्या नेमक्या नियमांखाली चुकून पास होण्याची शक्यता ५ टक्क्यांवर जात नाही हे सिम्युलेशनने दाखवावे लागते. क्रॉसओव्हरसाठी केलेले सिम्युलेशन समांतर गटांना तसेच लावू नका.

कोणताही मार्ग घेतला तरी किती जणांनंतर बघणार, संख्या जास्तीत जास्त किती होऊ शकेल, आणि संख्या फक्त वाढेल की कमीही होईल, हे पहिल्या माणसाला पहिला डोस देण्याआधी प्रोटोकॉलमध्ये लिहिलेले हवे. दीर्घ अर्धायुष्याच्या औषधात पहिल्या टप्प्याचे शेवटचे नमुने तपासून येईपर्यंत नवी भरती थांबवायची की चालू ठेवायची, हेही तिथेच ठरवा. भरती चालू ठेवली आणि त्या काळात संख्या गरजेच्या पुढे गेली, तर आलेल्या प्रत्येकाला विश्लेषणात घ्यावेच लागते.